थिंबल ड्रोम चॅम्पियन: घेण्याआधी गाडी उलटी करून बघा

रॉय कॉक्स यांच्या कॅलिफोर्नियातल्या सँटा ॲना इथल्या कारखान्यातून 1940च्या दशकात निघालेली ही छोट्या इंजिनाची मॉडेल शर्यती गाडी आजही संग्राहकांच्या बाजारात येते. दोरीला बांधून गोल फिरवायच्या शर्यती गाड्यांमध्ये डूलिंग बंधूंच्या 10 सीसी गाड्यांचा मान मोठा आणि किंमतही तशीच. चॅम्पियन मात्र फूटभरापेक्षा लहान, दोन ओतीव ॲल्युमिनियम तुकड्यांची: वर बॉडी, खाली पॅन. ओतकाम उत्तम, जाड आणि स्वच्छ. खरा पैसा त्याचाच.

रचनेतली मेख मागच्या चाकात आहे. मॅककॉय 098सारखे सुमारे 1.6 सीसीचे इंजिन आडवे बसते आणि एक मागचे चाक थेट क्रँकशाफ्टवर. गिअर नाही, क्लच नाही. भाग कमी, बिघाड कमी. पण गती ठरवायला हातात फक्त चाकाचा व्यास उरतो. चाक 55 मिमीचे धरले, तर मिनिटाला 10,000 फेऱ्यांना ताशी सुमारे 104 किमी. जागेवरून निघताना इंजिनावर सगळा भार एकदम येतो, म्हणून काठीने ढकलत पळावेच लागते. एकट्याने चालवायची गाडी नव्हे ही.

पॅन उलटा करून दोरी जोडायच्या लगामाची भोके आणि इंजिनाचे स्क्रू बघा. पाऊण किलोची गाडी 70 फूट व्यासाच्या ट्रॅकवर ताशी 100 किमीने फिरली, तर दोरीवर साडेपाच किलोची ओढ येते. वेग दुप्पट झाला की चौपट. भोकाजवळ केसाएवढी चीर असेल तर गाडी फक्त कपाटासाठी. इंजिनाविना विकलेल्या गाड्यांत नंतर इंजिन घुसवलेले असते, तेव्हा वेडीवाकडी, हाताने पाडलेली भोके दिसली की भाव पाडून मागा.

इंजिन जाम असेल तर घाबरू नका. बहुतेक वेळा जुन्या इंधनातले एरंडेल सुकून लाखेसारखे घट्ट झालेले असते. गरम हवेच्या गनने हात लावता येणार नाही इतके तापवा, पातळ तेलाचे थेंब सोडा, थांबा, मग चाक हाताने हळू फिरवा. एक्झॉस्टमधून स्क्रूड्रायव्हर घालून पिस्टन ढकलणाऱ्यांनी बरीच चांगली इंजिने संपवली आहेत. कॉस्टिकचे क्लीनर तर नकोच, ॲल्युमिनियम खाऊन टाकते. चालवताना मेथॅनॉलमध्ये 20 ते 25 टक्के एरंडेल हवे. आजचे कमी तेलाचे तयार इंधन साध्या बेअरिंगला पुरत नाही. इंजिन पेटवणाऱ्या ग्लो प्लगला दीड व्होल्टच द्या.

गाडी दोन फेऱ्यांत बंद पडते, तेव्हा सगळे नीडल व्हॉल्व्हच्या, म्हणजे इंधन कमी-जास्त करायच्या स्क्रूच्या, मागे लागतात. आधी टाकी बघावी. फिरताना इंधन वर्तुळाच्या बाहेरच्या भिंतीला चिकटते. आतली नळी तिकडे पोचत नसेल तर टाकी निम्मी भरलेली असतानाच हवा ओढली जाते. शिवाय नीडल टाकीपेक्षा केंद्राजवळ असेल तर वेग वाढेल तसे मिश्रणात इंधन कमी पडते आणि बाहेर असेल तर जास्त होते. त्याप्रमाणे उभ्या गाडीत स्क्रू थोडा सैल किंवा घट्ट ठेवायचा. टाकीच्या सांध्याचा डाग (झाळण) सुटलेला असेल, तर इंधन सगळे काढून, धुऊन, वाळवूनच डाग द्या.

रंगाबाबत मत ठाम आहे: मूळ रंग ओरखड्यांसकट राहू द्यावा. इंधनातले मेथॅनॉल आणि नायट्रो (नायट्रोमिथेन) जुना रंग उचलतात, त्यामुळे मूळ रंगाची गाडी चालवूच नये. रंग गेलेली, पण पॅन शाबूत असलेली गाडी चालवायला घ्यावी, स्वस्तही पडते.

मूळ टायर दिसायला छान, पण रबर कडक झालेले असते आणि एकाच जागी चपटलेले. ते काढून पिशवीत जपून ठेवा, विकताना उपयोगी पडतील. ट्रॅकवर नवे ओतलेले टायर लावा आणि पहिल्या फेरीआधी रिमवर हाताने पिळून बघा. घसरले, तर वेगात फुगून ते रिम सोडणारच.