भुसावळचा पारा: नुसता आकडा बघायचा की सरासरीपासूनचा फरक?

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५च्या वर गेला की पेपरात मोठा मथळा येतो. जिवाची काळजी घ्यायला हा आकडा पुरेसा आहे. दुपारी शेतात जायचं की नाही, केळीला पाणी कधी सोडायचं, हे त्यावरच ठरतं.

पण हवामान बदलतंय का, याचं उत्तर त्यात नाही. तिथे सरासरीपासूनचा फरकच बघावा, असं माझं ठाम मत आहे. भुसावळ तापीच्या खोऱ्यात, तोरणमाळ सातपुड्यात हजार मीटरच्या वर, म्हणून थंड. समजा, दोन्हीकडच्या आकड्यांची सरासरी काढली आणि एका वर्षी तोरणमाळची नोंदच आली नाही, तर सरासरी उगाच चढेल, ऊन तेवढंच असूनही! प्रत्येक ठिकाणाची तुलना त्याच्याच जुन्या सरासरीशी केली की ही गफलत बरीच टळते. म्हणून जागतिक तापमान बहुधा फरकाच्या रूपातच मांडतात.

फक्त, फरक कशापासूनचा, ते आधी विचारा. २०२४ या वर्षासाठी जागतिक हवामान संघटनेने १८५०-१९०० च्या तुलनेत सुमारे १.५५ अंशांची वाढ सांगितली, तर नासाने १९५१-१९८० च्या तुलनेत १.२८. दोन्ही बरोबर आहेत, पाया वेगळा आहे.

आणि एकाच वर्षावर भिस्त नको. १९९८ला एल निनोने, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापल्याने, तापमानात उसळी आली. नंतर तापमानवाढ थांबली, असं काहींनी ठरवूनही टाकलं. तीस वर्षांची रेघ ओढली तर ती चढतच गेलेली दिसते.