ब्लॅक घोस्ट नाइफफिश : बरेच महिने पाळल्यानंतरचा अनुभव

मासा चिवट आहे. मरतो तो बहुतेक वेळा उपासमारीने, नाहीतर औषधाने.

दुकानात चार इंचांचं पिल्लू दिसतं, म्हणून दोन फुटी टाकीत सोडू नका. ॲमेझॉन-ओरिनोको खोऱ्यातला हा मासा (शास्त्रीय नाव अप्टेरोनोटस अल्बिफ्रॉन्स) फूट-दीड फूट वाढतो. शेवटी 5×2×2 फुटांची, म्हणजे साधारण 560 लिटरची टाकी लागतेच. तळाला बारीक वाळू घाला, टोकदार खडी नको. तापमान 25 ते 28 अंश ठेवा आणि दर आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदला, अँटीक्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं द्रावण) घालूनच. अडीच इंची पीव्हीसी पाइप दोन्ही तोंडं उघडी ठेवून द्या, कापलेली कड पॉलिश पेपरने घासून. त्यात तो दिवसभर मेल्यासारखा आडवा पडून राहतो. घाबरू नका, बरा असतो.

खरी मेख खाण्यात आहे. लाइट चालू असताना टाकलेलं बाकीचे मासे फस्त करतात. घोस्ट मग हळूहळू वाळतो, आणि काळ्या रंगामुळे ते लवकर लक्षातही येत नाही. पोट आत गेलंय का, डोक्यामागची पाठ बसलीय का, एवढं पाहत जा. लाइट बंद करून अर्ध्या तासाने गोठवलेला ब्लडवर्म (माशांना खायला घालतात त्या लाल अळ्या) टाकीतल्याच पाण्यात वितळवा आणि लांब पिपेटने पाइपच्या तोंडाशी सोडा. बऱ्याचदा तो शेपटीकडून, उलटा येतो. अंग ताठ, फक्त पोटाखालचा लांबलचक पर लहरत असतो. मोठा झाला की चिरलेलं गांडूळ, कोळंबीचे तुकडे चालतात. निऑन टेट्रासारखे छोटे मासेही चालतात, त्याला खायला.

व्हाइट स्पॉट (अंगावर पांढरे ठिपके उठणारा रोग) आला तर तांबं किंवा फॉर्मलिन असलेलं औषध नको. याला ते सोसत नाही. तापमान दिवसाला एक-दोन अंशांनी वाढवत 30 पर्यंत न्या आणि एअर पंप वाढवा, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो.

एक गंमत जरूर करून बघा. टोकं सोललेल्या दोन वायरी पाण्यात सोडून बॅटरीवरच्या छोट्या ॲम्प्लिफायरला जोडा (घरच्या लाइटवर चालणारा अजिबात नको). हा मासा सतत सौम्य वीज सोडत असतो, तिचा सेकंदाला हजारच्या आसपास कंपनांचा अखंड सूर ऐकू येतो. मुख्यतः या विजेवर तो अंधारात वाट आणि भक्ष्य ओळखतो.

दुकानदार ‘जोडी न्या’ म्हणेल. नेऊ नका, एका टाकीत दोन घोस्ट भांडतात. टायगर बार्बही नको, शेपटी कुरतडतात.