एपिडेमिऑलॉजी: ऑनलाइन की कॅम्पसवर?

बीएएमएस झालेल्या भाचीला एपिडेमिऑलॉजी (आजार लोकांत कसे आणि का पसरतात याचा अभ्यास) शिकायची आहे, पण ती पेचात आहे: लंडन स्कूल ऑफ हायजीनची ऑनलाइन एमएससी की मुंबईच्या टिसचं (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) सोशल एपिडेमिऑलॉजीतलं, म्हणजे आजारांमागची सामाजिक कारणं शोधणाऱ्या शाखेतलं, एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स पदवी)?

खर्च: लंडनची फी पौंडांत, पण नोकरी सोडावी लागत नाही. टिसची रुपयांत; मात्र 2 वर्षं पगार बंद, वर मुंबईत राहणं!

शिक्षण: ऑड्स रेशो (दोन गटांतल्या आजाराच्या शक्यतेची तुलना), कन्फाउंडिंग (तिसऱ्याच घटकामुळे खरं कारण झाकोळणं) स्क्रीनवर उत्तम समजतं. पण गॅस्ट्रोची साथ आलेल्या गावात दारोदार फिरून ‘पाणी कुठलं प्यायलात?’ विचारणं, लाइन लिस्ट (एकेका रुग्णाच्या नोंदीची यादी) भरणं, टाकीत क्लोरीन कधी टाकलं ते ग्रामपंचायतीतून काढून घेणं, हे पायपिटीशिवाय येत नाही.

आधीच आरोग्य खात्यात किंवा एखाद्या संस्थेत काम करणाऱ्यांना ऑनलाइन बरं. फील्ड त्यांच्या रोजच्या कामातच असतं. भाचीसारख्या, दवाखान्याबाहेर कुणाशी ओळख नसलेल्यांनी टिस गाठावं.