कॉम्प्रेसर बदलला म्हणे!

गाडी पळत असली की एसी गार, आणि अशोक वाटिका चौकात सिग्नलला थांबलो की दोन मिनिटांत गरम हवा. गॅरेजवाल्याला मी हेच, याच शब्दांत सांगितलं होतं. अख्खं निदान त्या एका वाक्यात होतं. त्यानं ते ऐकलं नाही, आणि मलाही त्याचा अर्थ कळला नव्हता.

मे महिना, अकोल्यातलं ऊन ४४ च्या वर, त्यात आईला शेगावला न्यायचं होतं. आपली गरज तोंडावर दिसत असली की समोरचा ती बरोबर वाचतो.

"गॅस संपला," तो म्हणाला. २,२०० रुपये घेतले, दहा मिनिटांत पाइप लावून गॅस भरला. मला वाटलं, घरच्या सिलिंडरसारखा हाही संपत असेल. संपत नाही. एसीची सगळी यंत्रणा बंदिस्त असते. गॅस कमी झाला तर कुठून तरी गळतो आहे, आणि ती गळती शोधल्याशिवाय वरून भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं. माझ्याकडे तर गळतीही नव्हती. भरलेल्या भांड्यातच त्यानं आणखी ओतलं.

साहजिकच त्रास वाढला. आठवड्यानं परत गेलो तर "कॉम्प्रेसर जाम झाला." म्हणजे एसीचा गॅस दाबून फिरवणारा पंप. १९,५०० रुपये. गाडी दिवसभर ठेवून घेतली, दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता बायपासवर फिरवून दाखवली. एसी थंडगार! सकाळी सातला, ऐंशीच्या वेगात तो थंड असणारच, हे आज कळतं. बोनेट उघडून त्यानं काळाकुळकुळीत कॉम्प्रेसरही दाखवला. जुना मागायचं मला सुचलं नाही. बिलाऐवजी वहीतलं पान फाडून दिलं.

शेगावला जाताना बाळापूरपर्यंत मजेत गेलो. तिथं ट्रकांच्या रांगेत अडकलो आणि आई पदरानं वारा घेऊ लागली.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यानं आतली हवा गार करणाऱ्या कूलिंग कॉइलचं नाव काढलं. पूर्ण डॅशबोर्ड खोलायचा, आणखी ९,००० रुपये. तेव्हा कुठं मी गाडी वळवली आणि शेजाऱ्यांनी सांगितलेल्या एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो.

त्यांनी पाइप लावलाच नाही. एसी चालू करायला लावला, बोनेट उघडलं आणि नुसते पाहत राहिले. "भाऊ, कंडेन्सरचा पंखा तं फिरतच नाही!" कंडेन्सर म्हणजे गॅसमधली उष्णता बाहेर टाकणारा भाग. माझ्या गाडीला पुढच्या जाळीमागं त्याच्यासाठी वेगळा पंखा आहे. गाडी पळते तेव्हा समोरचा वाराच पंख्याचं काम करतो. थांबली की उष्णता कोंडते, गॅसचा दाब चढतो आणि प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करून टाकतो. त्यांनी फ्यूज बॉक्समधला पंख्याचा रिले, म्हणजे पंखा चालू-बंद करणारा छोटा विजेचा स्विच, काढला, हॉर्नचा तसाच रिले त्या जागी बसवला. पंखा गरगर फिरायला लागला. नव्या रिलेचे १८० रुपये झाले.

मी कॉम्प्रेसरचं रडगाणं गायलो तेव्हा ते टॉर्च घेऊन वाकले आणि हसलेच. "हा कोनं खोललाच नाही. बोल्टाची माती पाहा." काळा स्प्रे बोल्टवरच्या गंजावर, गंजात अडकलेल्या मातीवर बसला होता. पाना लागल्याचा एकही ओरखडा नव्हता. शेजारच्या वायरीच्या आवरणावरही काळे शिंतोडे होते. माझाच कॉम्प्रेसर जागेवर रंगवून मला विकला होता.

जास्तीचा गॅस त्यांनी मशीनवर काढून घेतला, अर्धा तास व्हॅक्यूम करून आतली हवा ओढून काढली, मग वजन करून भरला. किती ग्रॅम भरायचा हे बोनेटखालच्या स्टिकरवर छापलेलं असतं. काट्याशिवाय कोणी गॅस भरायला लागला तर तिथंच हात धरा. जुना पार्ट आणि पक्कं बिल पैसे देण्याआधी मागा. आणि गॅरेजला जाण्याआधी एसी लावून बोनेट उघडा, हात लांब ठेवून पंखा फिरतो का एवढं पाहा. हे करायला मला कोणी अडवलं नव्हतं.

बोल्टचे फोटो घेऊन गॅरेजवर गेलो. आधी "पोरानं केलं असेल," मग आवाज चढला, मग गिऱ्हाईक जमल्यावर उतरला. पक्कं बिल नसल्यामुळे ग्राहक आयोगात काय दाखवणार, हे त्यालाही ठाऊक होतं. शेवटी दोन हप्त्यांत १२,००० परत दिले. उरलेले साडेसात हजार मजुरीचे, म्हणाला. स्प्रे मारण्याची मजुरी.