घरचा स्टेक: तवा, ओव्हन, एअर फ्रायर की सू-वीद?

स्टेक, म्हणजे गोमांसाचा जाड काप, झटपट होतो आणि तो सोपाही असतो. मात्र एकाच पद्धतीत दोन्ही गोष्टी मिळतीलच असं नाही. तव्यावरचा स्टेक दहा मिनिटांत ताटात येतो, पण ती दहा मिनिटं तव्यापासून हलता येत नाही. सू-वीदला, म्हणजे हवाबंद पिशवीतलं मांस ठरावीक तापमानाच्या पाण्यात शिजवायला, तास-दीड तास लागतो, त्यात तुमचं काम मात्र जेमतेम पाच-सात मिनिटांचं. त्यामुळे आधी हे बघा की आज तुमच्याकडे कमी काय आहे, वेळ की लक्ष?

दुसरा प्रश्न जाडीचा, आणि माझ्या मते तोच जास्त महत्त्वाचा. जाडी दुप्पट झाली की मध्यापर्यंत उष्णता पोचायला दुपटीहून बराच जास्त वेळ लागतो. 4 सेंटिमीटरचा तुकडा नुसत्या तव्यावर केला तर बाहेरून करपतो, आत थंड राहतो. उलट दीड सेंटिमीटरचा पातळ तुकडा ओव्हनमध्ये ठेवला, तर रंग यायच्या आत तो पार शिजून गेलेला असतो. स्टेक बिघडला की दोष मांसाला दिला जातो. बहुतेक वेळा जाडी आणि पद्धत यांचीच जोडी जुळलेली नसते.

तवा

2 ते 2.5 सेंटिमीटरच्या तुकड्याला बिडाचा जाड तवा लागतो. पातळ भांडं मांस पडताच थंडावतं. नॉन-स्टिक तर नकोच, कारण साधारण 260 अंश सेल्सियसच्या पुढे त्याचा लेप खराब व्हायला लागतो आणि रिकामा तवा मोठ्या आचेवर तिथवर सहज पोचतो.

तुकडा कागदाने टिपून अगदी कोरडा करा. खमंग तपकिरी रंग साधारण 140 अंशांच्या पुढे भराभर धरतो, आणि पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तापमान शंभराच्या आसपासच अडकून राहतं. तव्यावर तेल टाका, ते धुरकट होऊ लागलं की मांस ठेवा आणि दर अर्ध्या-एक मिनिटाने उलटत राहा. ‘एकदाच उलटायचं’ हा नियम बरेच जण पाळतात, पण सतत उलटल्याने स्टेक लवकर होतो आणि कडेचा राखाडी पट्टाही कमी राहतो. 2.5 सेंटिमीटरला एकूण सहा ते आठ मिनिटं पुरतात. लोणी आणि ठेचलेला लसूण शेवटच्या एक-दोन मिनिटांत, कारण लोण्यातला दुधाचा अंश आधी टाकला तर जळतो.

गैरसोय म्हणजे धूर. लहान घरात खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात. शिवाय एका तव्यात दोनच तुकडे नीट मावतात. तिसरा कोंबला की भाजणं संपतं आणि वाफवणं सुरू होतं. पण याची भरपाई करणारी एक गोष्ट आहे. मांस बाजूला काढल्यावर तव्याला जे तपकिरी चिकटलेलं असतं, त्यावर थोडा स्टॉक (हाडं किंवा भाज्या उकळून काढलेलं पाणी) घाला, खरवडा, आटवा आणि लोण्याचा एक गोळा फिरवा. तीन मिनिटांत सॉस तयार! एअर फ्रायरमध्ये हे होणार नाही.

आधी ओव्हन, मग तवा

याला रिव्हर्स सिअर म्हणतात. 120 अंशांच्या ओव्हनमध्ये जाळीवर 4 सेंटिमीटरचा तुकडा ठेवायचा, आतलं तापमान 48-50 अंश झालं की काढायचा आणि रसरसत्या तव्यावर प्रत्येक बाजूला मिनिटभर चटका द्यायचा. आधी चटका दिला की रस आत कोंडला जातो असं मानणाऱ्यांना ही पद्धत उलटी वाटेल. ती समजूत चुकीची आहे. भाजल्याने रस अडत नाही, फक्त चव येते. आणि चवीसाठीच भाजायचं तर शेवटी भाजणं फायद्याचं, कारण ओव्हनच्या कोरड्या हवेत पृष्ठभाग आधीच सुकलेला असतो.

वेळ लागतो अर्धा ते पाऊण तास. चार माणसांचं जेवण असेल तर माझं मत याच पद्धतीला. सगळे तुकडे एकदम तयार होतात, बाकीच्या पदार्थांना हात मोकळे राहतात. मात्र थर्मामीटर नसेल तर या वाटेला जाऊ नका. बोटाने दाबून अंदाज घेणं रोज स्टेक करणाऱ्याला जमतं, महिन्यातून एकदा करणाऱ्याला नाही.

सू-वीद

पिशवीत हवाबंद केलेलं मांस 54-55 अंशांच्या पाण्यात ठेवायचं. 2.5 सेंटिमीटरला तासभर, जाड तुकड्याला दोन तासांच्या आसपास. अर्धा तास उशीर झाला तरी बिघडत नाही, ही हिची खरी ताकद. कामावरून कोण कधी येणार याचा भरवसा नसलेल्या घराला हे मोलाचं. गोठलेला तुकडाही थेट टाकता येतो, फक्त वेळ वाढवायचा.

पण जाहिरातींत एक गोष्ट हळूच गाळली जाते. पिशवीतून निघालेलं मांस ओलं आणि फिकट असतं, त्यामुळे तवा तापवावा लागतोच आणि धूरही होतोच. निव्वळ स्टेकसाठी हे यंत्र घ्यायचं असेल, तर तेच पैसे जाड बिडाच्या तव्यावर आणि थर्मामीटरवर घालावेत.

एअर फ्रायर

एकट्याच्या जेवणाला ठीक. 200 अंशांवर आधी तापवून घ्यायचा, 2.5 सेंटिमीटरच्या तुकड्याला आठ ते बारा मिनिटं, मध्ये एकदा उलटायचं. हवा धातूइतकी भराभर उष्णता देत नाही, त्यामुळे रंग धरतो पण खमंग कवच येत नाही. रिबआयसारख्या चरबीदार तुकड्याची चरबी खाली ठिबकून इथेही धूर होऊ शकतो.

कोणता तुकडा कशाला

रिबआयमधली चरबी वितळायला जरा जास्त शिजवणं लागतं, म्हणून तो अगदी कच्चट ठेवण्यापेक्षा मीडियम-रेअरच्या (आत गुलाबी, 55-57 अंश) थोडा पुढे नेलेला बरा. टेंडरलॉइन (कमरेच्या आतल्या बाजूचा तुकडा) सर्वांत मऊ, पण चव सौम्य, चरबी कमी. त्याला सॉस हवाच. फ्लँक आणि स्कर्ट हे पोटाकडचे तुकडे पातळ आणि लांब तंतूंचे असतात. मोठ्या आचेवर भराभर करायचे आणि तंतूंच्या आडव्या दिशेने पातळ कापायचे. उभे कापले तर चावून चावून जबडा दुखेल. घाईच्या संध्याकाळी मी तरी यांनाच पसंती देईन.

घाईत असाल तर स्टेक अर्धा तास फ्रिजबाहेर ठेवण्याचा सोपस्कार सोडून द्या, तेवढ्याने आतलं तापमान फारसं वाढत नाही. मीठ मात्र एक तर तव्यावर टाकायच्या क्षणी लावा किंवा किमान 40 मिनिटं आधी. मधल्या वेळात मिठाने ओढलेलं पाणी वरच साचून राहतं. सकाळी मीठ लावून फ्रिजमध्ये उघडं ठेवलं तर उत्तमच.

तापमानाचं सांगायचं तर रेअर 50-52 अंश, मीडियम-रेअर 55-57, मीडियम 60-63, आणि 70 च्या पुढे पूर्ण शिजलेला. तव्यावरून काढल्यावर तापमान आणखी तीनेक अंश चढतं, तेव्हा तेवढं आधीच उतरवा. अमेरिकेच्या कृषी खात्याची शिफारस अखंड तुकड्यासाठी 63 अंश आणि वर तीन मिनिटं विश्रांती अशी आहे. घरात गरोदर किंवा वयस्कर माणूस असेल तर तीच पाळावी. खिम्याची गोष्ट वेगळी, तिथे 71.

राहता राहिला आवडीनिवडीचा घोळ. एकाला आत गुलाबी हवा, दुसऱ्याला पूर्ण शिजलेला. सू-वीदमध्ये सगळ्यांना एकच तापमान मिळतं, त्यामुळे एकाचा तुकडा नंतर तव्यावर जास्त वेळ ठेवावाच लागतो. ओव्हनमध्ये वेगवेगळ्या वेळी काढता येतात, पण ‘सगळे एकदम’ हा फायदा जातो. तव्यावर मात्र पूर्ण शिजलेला हवा असणाऱ्याचा तुकडा चारेक मिनिटं आधी टाकला, की दोघं एकाच वेळी जेवायला बसतात.