स्वच्छ हवेचे धोरण संसदेत कुठे वाचावे: सभागृहातील चर्चेत की स्थायी समितीच्या अहवालात?

स्वच्छ हवा आणि हवामान बदल या विषयांवर आपली संसद नेमके काय करते, हे वर्तमानपत्रातल्या बातमीवर न विसंबता मुळातून वाचायचे ज्याने ठरवले असेल, त्याच्यापुढे दोन वाटा असतात. लोकसभेत नियम १९३ खाली किंवा राज्यसभेत नियम १७६ खाली होणाऱ्या अल्पकालीन चर्चांची कार्यवृत्ते वाचणे ही एक, आणि विभागीय स्थायी समित्यांचे, म्हणजे एकेका मंत्रालयाचे काम तपासणाऱ्या खासदारांच्या समित्यांचे, अहवाल वाचणे ही दुसरी. दोन्ही साहित्य संसदेच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते आणि दोन्ही नेटाने वाचायचे म्हटले, तर नोकरी-व्यवसाय सांभाळून ते शक्य होत नाही. मी काही वर्षे दोन्ही वाचून पाहिले आणि अखेर एकाकडे वळलो. ज्यांना अजून ठरवायचे आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून माझा अनुभव मांडतो. तो एका वाचकाचा अनुभव आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

प्रथम चर्चेची बाजू, कारण तिचे आकर्षण खरे आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये लोकसभेत वायुप्रदूषण आणि हवामान बदल यांवर नियम १९३ खाली चर्चा झाली, ती काँग्रेसचे खासदार मनीष तिवारी यांनी सुरू केली. दिल्लीच्या हवेसाठी लोकांना दरवर्षी सर्वोच्च न्यायालयाचे दार का ठोठवावे लागते, या सभागृहातून आवाज का उठत नाही, हा त्यांचा प्रश्न होता. पंजाबचे खासदार असल्यामुळे भाताचे काड जाळणाऱ्या लहान शेतकऱ्याची अडचणही त्यांनी मांडली. त्याच चर्चेत तृणमूल काँग्रेसच्या खासदार काकोली घोष दस्तीदार तोंडाला मास्क लावून बोलायला उभ्या राहिल्या आणि स्वच्छ भारत अभियान असू शकते तर स्वच्छ हवेचे अभियान का नको, असे त्यांनी विचारले. करोनाच्या आधीचे ते दिवस असल्यामुळे सभागृहातला तो मास्क सगळ्यांच्या नजरेत भरला. अशी भाषणे वाचताना विषयाला चेहरा मिळतो. कोणत्या पक्षाला काय बोचते, कोणते राज्य कोणाकडे बोट दाखवते, आपल्या मतदारसंघाचा खासदार या विषयावर बोलला की गप्प राहिला, हे फक्त इथेच कळते. समितीच्या अहवालातून ते कधीच कळणार नाही, कारण समितीची बैठक बंद दाराआड होते आणि अहवाल बहुधा एकमुखाने बोलतो.

तरीही माझे मन चर्चेवरून उडाले ते एका गोष्टीने, आणि ती वरवर पाहता किरकोळ वाटेल. चर्चेत प्रश्न आणि उत्तर एकमेकांसमोर कधी येतच नाहीत. एक सदस्य मंगळवारी काही नेमके विचारतो; चर्चा पुढे दुसऱ्या दिवशी, कधी त्याहूनही नंतर चालू राहते; वीस-पंचवीस वक्ते होतात आणि शेवटी मंत्री सर्वांना मिळून एकच उत्तर देतात. त्या उत्तराची सुरुवात बहुधा माननीय सदस्यांनी केलेल्या मौलिक सूचनांबद्दल आभार मानून होते, मग सरकारच्या योजनांची यादी येते, आणि मंगळवारचा तो नेमका प्रश्न कुठे गेला याचा पत्ता लागत नाही. दिल्लीबाहेरच्या लहान शहरांत हवा मोजणारी स्वयंचलित केंद्रे इतकी कमी का, हा मुद्दा हाती धरून मी एका चर्चेचे कार्यवृत्त पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळले आहे. मुद्दा निरनिराळ्या सदस्यांनी मांडलेला दिसला. उत्तरात केंद्रांची देशातली एकूण संख्या वाढल्याचे सांगितलेले होते. लहान शहरांचे काय, यावर अवाक्षर नव्हते, आणि मंत्र्यांनी तो टाळला की त्यांना तो ऐकूच आला नाही, हे ठरवायला कार्यवृत्तात काहीही आधार नव्हता.

या चर्चांच्या रचनेतच ही अडचण आहे. नियम १९३ खाली प्रस्ताव नसतो, त्यामुळे मतदान नसते आणि चर्चेअंती सभागृहाचे असे काही म्हणणे नोंदले जात नाही. बोलणाऱ्याला बोलण्याचे स्वातंत्र्य मिळते, उत्तर देणाऱ्यालाही उत्तर न देण्याचे मिळते. कोणावर याचा ठपका ठेवावा असे मला वाटत नाही. पण वाचणाऱ्याने दर वेळी मागची पाने उलटून स्वतःच प्रश्नोत्तराच्या जोड्या लावाव्यात, हे फार दिवस निभत नाही.

समितीच्या अहवालात, विशेषतः केलेल्या कार्यवाहीच्या अहवालात, याच्या नेमके उलट घडते. समितीने आधीच्या अहवालात केलेली शिफारस परिच्छेद क्रमांकासह जशीच्या तशी छापलेली असते. तिच्याखाली मंत्रालयाचे उत्तर असते. आणि उत्तर पटले नसेल तर त्याखाली समितीचे पुढचे भाष्य. वाण्याच्या वहीत जमा आणि नावे समोरासमोर असावे, तसे हे पान असते. त्यातही शिफारशींची वर्गवारी केलेली असते: सरकारने मान्य केलेल्या, उत्तर पाहून समितीने पुढे न रेटलेल्या, उत्तर समितीला मान्य न झालेल्या, आणि अंतिम उत्तर अजून न आलेल्या. मी अहवाल उघडला की सरळ तिसऱ्या वर्गाकडे जातो. ‘मंत्रालयाने याची नोंद घेतली आहे’ एवढ्यावर जिथे बोळवण केलेली असते आणि समितीने ती स्वीकारलेली नसते, तिथे धोरणाचे खरे दुखणे सापडते. मंत्रालयाला हे उत्तर साधारण तीन महिन्यांत द्यावे लागते; उशीर होतो, पण प्रश्न हरवत नाही.

एक उदाहरण देतो. पर्यावरण मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्यांवरचा, म्हणजे त्याच्या वार्षिक खर्चाच्या तरतुदींवरचा, जो अहवाल मार्च २०२५ मध्ये आला, त्यात प्रदूषण नियंत्रण योजनेचा हिशोब आहे. शहरांची हवा सुधारण्यासाठी आखलेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाला पैसा याच योजनेतून जातो. २०२४-२५ च्या सुधारित अंदाजात योजनेसाठी ८५८ कोटी रुपये होते, म्हणजे मंत्रालयाच्या त्या वर्षीच्या सुधारित तरतुदीच्या एक चतुर्थांशाहून अधिक. जानेवारी २०२५ च्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्यांतले खर्च झाले होते ७.२२ कोटी. कारण काय, तर योजना २०२५-२६ पर्यंत चालू ठेवण्याची मंजुरीच अजून यायची होती. समितीने यावर धक्का बसल्याचे नमूद केले, आणि समितीच्या संथ, सरकारी भाषेत ही बरीच तिखट प्रतिक्रिया मानायला हवी. दिल्लीचे आकाश धुराने भरलेले असताना सभागृहात कितीही ओजस्वी भाषणे झाली असती, तरी त्याच हिवाळ्यात पैसा का हलत नव्हता, हे या एका परिच्छेदाइतके स्वच्छ कळले नसते.

समित्यांच्या बाबतीत मी भाबडा नाही. समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. समिती सर्वांना सांभाळून लिहिते, त्यामुळे धारदार मतभेद पुष्कळदा गुळगुळीत होतात. असहमतीची टिपणी जोडलेली असली तर ती आधी वाचावी. सदस्यांच्या उत्साहाविषयी बोलायचे, तर १५ नोव्हेंबर २०१९ रोजी दिल्लीच्या प्रदूषणावर नगरविकासविषयक स्थायी समितीची जी बैठक ठेवली होती, तिच्याकडे बहुतेक सदस्य आणि काही वरिष्ठ अधिकारी फिरकलेच नाहीत, म्हणून ती पुढे ढकलावी लागली. वर ज्या चर्चेचा उल्लेख केला ती यानंतर अवघ्या चार दिवसांनी सुरू झाली. सभागृहात भाषण करायला माणसे मिळतात, बंद खोलीत अधिकाऱ्यांची उलटतपासणी करायला मिळत नाहीत, असा टोमणा कोणी मारला तर त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

शिवाय समितीकडे विषय यावा लागतो. राजधानी क्षेत्र आणि लगतच्या भागांसाठी हवा गुणवत्ता व्यवस्थापन आयोग नेमण्याचा वटहुकूम ऑक्टोबर २०२० मध्ये निघाला, मार्च २०२१ मध्ये व्यपगत झाला, एप्रिलमध्ये पुन्हा काढला गेला, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये त्याचा कायदा झाला. उल्लंघनाला पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड असलेला हा कायदा. पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरवरून गदारोळ चालू असताना तो दोन्ही सभागृहांत जवळजवळ चर्चेविना संमत झाला, आणि विधेयक समितीकडेही गेले नाही. शेतकऱ्यांना शिक्षेच्या कलमातून वगळून त्यांच्यावर पर्यावरण भरपाई बसवण्याची मुभा मात्र ठेवली, हा त्यातला सर्वांत नाजूक भाग कोणत्याच पानावर धड तपासलेला सापडत नाही. इथे दोन्ही वाटा सारख्याच कोरड्या निघाल्या. फरक इतकाच, की चर्चेची वेळ गेली ती गेली. पुढे राज्यसभेच्या प्रत्यायोजित विधान समितीने (कायद्याखाली सरकारने केलेले नियम तपासणारी समिती), मिलिंद देवरा अध्यक्ष असताना, या आयोगाच्या अधिकारांवर आणि कामकाजावर अहवाल दिला, तो फेब्रुवारी २०२५ मध्ये पटलावर आला आणि भाताच्या काडाला दरवर्षी किमान आधारभाव ठरवून देण्यासारख्या सूचना त्यात आल्या. उशिराने का होईना, समिती विषयाकडे परत जाऊ शकते.

तिसरा पर्याय म्हणून लेखी प्रश्नोत्तरे सुचवली जातात, त्यांविषयी थोडक्यात. राज्यनिहाय आणि शहरनिहाय जोडपत्रांसाठी त्यांना तोड नाही. सभागृहातील चर्चा दिल्लीभोवती फिरते. चंद्रपूर, जालना, सोलापूर यांची हवा पाहायची तर अतारांकित, म्हणजे फक्त लेखी उत्तर मिळणाऱ्या, प्रश्नाचे जोडपत्रच उघडावे लागते. महाराष्ट्रातली १९ शहरे राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात आहेत, पण मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक यांसारख्या मोठ्या शहरांचा पैसा पंधराव्या वित्त आयोगाच्या खात्यातून येतो आणि लहान शहरांचा कार्यक्रमाच्या खात्यातून. तक्ता कोणत्या खात्याचा आहे हे न पाहता बेरीज करू नये. मात्र उत्तरांच्या मजकुराकडून फार अपेक्षा ठेवू नये. मृत्यू किंवा आजार केवळ वायुप्रदूषणामुळेच झाला असा थेट संबंध सिद्ध करणारी निर्णायक आकडेवारी देशात उपलब्ध नाही, आणि आरोग्यावर आहार, व्यवसाय, आर्थिक-सामाजिक स्थिती, प्रतिकारशक्ती, आनुवंशिकता अशा अनेक गोष्टींचा परिणाम होतो, या आशयाचा परिच्छेद वर्षानुवर्षे जवळजवळ त्याच शब्दांत उतरत आला आहे. मंत्री बदलतात, परिच्छेद बदलत नाही. आता तो डोळ्यांसमोर आला की मी पुढचे न वाचता जोडपत्राकडे जातो.

तेव्हा कोणी काय निवडावे? आपल्या खासदाराला जाब विचारायचा असेल, निवडणुकीच्या तोंडावर पक्षांच्या भूमिका ताडून पाहायच्या असतील किंवा विद्यार्थ्यांना विषयाची गोडी लावायची असेल, तर चर्चेला पर्याय नाही, आणि तिथे माझ्या पसंतीला फारसे महत्त्व देऊ नये. पण ठरलेल्या धोरणाचे पुढे काय झाले, एवढेच ज्याला पाहायचे आहे, त्याने कार्यवृत्तांत वेळ घालवू नये असे मला नम्रपणे वाटते. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला तेव्हा उद्दिष्ट २०१७ च्या तुलनेत २०२४ पर्यंत हवेतल्या धूलिकणांत २० ते ३० टक्के घट असे होते. पुढे ते २०२५-२६ पर्यंत ४० टक्के असे झाले, पायाभूत वर्षही बदलले, आणि शहरांची कामगिरी मोजली जाऊ लागली ती पीएम १० या तुलनेने मोठ्या धूलिकणांवर, फुफ्फुसात खोलवर जाणाऱ्या पीएम २.५ या अतिसूक्ष्म कणांवर नव्हे. औष्णिक वीजकेंद्रांच्या सल्फर डायऑक्साइडची मानके डिसेंबर २०१५ ची. त्यांची मुदत वारंवार वाढत गेली आणि जुलै २०२५ च्या अधिसूचनेने बहुसंख्य केंद्रांची त्यांतून सुटकाच झाली. असे बदल सभागृहात भाषणाने होत नाहीत, कार्यक्रमाच्या कागदांत आणि राजपत्रात होतात, आणि अशा कागदांचा माग काढणे समितीला सभागृहापेक्षा जास्त जमते.

हवामान बदलाच्या बाबतीत मात्र तराजू थोडा चर्चेकडे झुकतो, हे मान्य करायला हवे. विषय इतक्या मंत्रालयांत विभागला आहे की समित्यांचे अहवालही विखुरतात. कार्बन बाजाराची, म्हणजे उत्सर्जन-कपातीच्या प्रमाणपत्रांच्या खरेदी-विक्रीची, तरतूद २०२२ च्या ऊर्जा संवर्धन दुरुस्ती कायद्यात, म्हणजे वीज मंत्रालयाच्या अखत्यारीत. जंगले पर्यावरण मंत्रालयाकडे. शेती आणखी तिसरीकडे. २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाची घोषणा तर नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत झाली, संसदेत नव्हे. अशा वेळी डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत द्रमुकच्या खासदार कनिमोळी यांनी सुरू केलेल्या चर्चेसारखी एखादी चर्चा सगळे धागे एका ठिकाणी आणते, आणि नवख्या वाचकाने सुरुवात तिथून केली तर माझी हरकत नाही. ती वाचताना जो प्रश्न मनात अडकून राहील, त्याचे उत्तर शोधायला मात्र ऊर्जाविषयक आणि पर्यावरणविषयक या दोन्ही स्थायी समित्यांचे कार्यवाही अहवाल हाताशी ठेवावेत.