रेकॉर्डमधलं नाव दुरुस्त करून देतो म्हणाला, आणि पैशांसोबत वडिलांचं डिस्चार्ज बुकही घेऊन गेला

फौजेच्या कागदात बायकोचं नाव किंवा जन्मतारीख चुकली असेल, तर पेन्शनर हयात असेपर्यंत सहसा काही अडत नाही. पेन्शन दर महिन्याला खात्यात येते, कॅन्टीन कार्ड चालतं. चूक आडवी येते ती तो गेल्यावर, जेव्हा त्याची बायको फॅमिली पेन्शनसाठी कागद घेऊन उभी राहते आणि पीपीओवरचं (पेन्शनच्या आदेशपत्रावरचं) नाव एक, आधारवरचं दुसरं निघतं. माजी सैनिकांच्या मनात ही भीती असते. आणि त्याच भीतीवर धंदा करणारे लोक आता मेळाव्यांत, कॅन्टीनच्या रांगेत फिरू लागले आहेत. आमच्या घरी घडलं ते सविस्तर लिहिते आहे.

माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून १९८८ साली हवालदार म्हणून पेन्शनवर आले. आईचं नाव लग्नात बदललं. रेकॉर्डला, म्हणजे जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या रेजिमेंटच्या ऑफिसला, गेलं ते सासरचं नाव, तेही युनिटातल्या क्लार्कने कानावर पडलं तसं इंग्रजीत लिहिलेलं, मागे 'बाई' जोडून. शाळेच्या दाखल्यावर तिचं माहेरचं नाव आणि जन्मतारीख १ जून, कारण त्या काळी गुरुजी सरसकट तीच तारीख टाकायचे. आधार काढताना 'बाई' गळालं आणि जन्मतारीख १ जानेवारी झाली. पीपीओमध्ये तर तिच्या जन्मतारखेची जागा कोरीच होती. साताऱ्याकडच्या कुठल्याही फौजी घरात विचारा, थोड्याफार फरकाने हीच कथा ऐकायला मिळेल. वडिलांची पेन्शन 'स्पर्श' या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन प्रणालीवर गेली, आम्ही त्यांचं प्रोफाइल उघडून पाहिलं आणि हा सगळा घोळ एकदम समोर आला.

जन्मतारखेचा प्रश्न नावापेक्षा लहान वाटतो, पण तसा तो नाही. फॅमिली पेन्शन घेणाऱ्या बाईला ८० वर्षं पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ती ३० टक्के होते, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला दुप्पट पेन्शन. रेकॉर्डमध्ये तारीखच नसेल तर ८० कधी पूर्ण झाली हे ऑफिसने कशावरून ठरवायचं? वडिलांनी हे बरोबर ओळखलं होतं. "मी आहे तोवर हे झालं पाहिजे. माझ्यामागे तिला कोणी दारोदार फिरवू नये," एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

तो माणूस भेटला तालुक्याच्या माजी सैनिक मेळाव्यात. आपण रेकॉर्ड ऑफिसातून क्लार्क म्हणून निवृत्त झालो असं त्याने सांगितलं. बोलणं अस्सल फौजी होतं. आधी नंबर, रँक, युनिट विचारलं, मग सेंटरला कोणत्या साली होता, कंपनी कमांडर कोण होते. शीट रोल, किंड्रेड रोल, पार्ट टू ऑर्डर हे फौजी नोंदींतले शब्द त्याच्या तोंडातून असे सहज येत होते की समोरच्या म्हाताऱ्या हवालदाराला आपला माणूस भेटल्यासारखं वाटावं. पैशाचं नाव त्याने पहिल्या भेटीत काढलंच नाही. "साहेब, आधी कागद बघू द्या, मग सांगतो होण्यासारखं आहे की नाही," असं म्हणाला. कागद बघून मान हलवली आणि म्हणाला, "वहिनींचं नाव असंच राहिलं तर पुढे फार अवघड जाईल."

पहिले ६,५०० रुपये घेतले प्रतिज्ञापत्र आणि दोन वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींसाठी. मग "पडताळणीला ओरिजिनल लागतात" म्हणून डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळालेलं सेवेच्या नोंदींचं पुस्तक) आणि पीपीओ नेला. काही दिवसांनी कॉरिजेंडम म्हणजे दुरुस्तीच्या पीपीओची "सरकारी फी" म्हणून २०,००० रुपये ऑनलाइन मागवले. खातं एका खासगी व्यक्तीच्या नावावर होतं, त्याला कारण सांगितलं की ऑफिसचं खातं सध्या बदललं जातंय. शेवटी "प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयात फाइल अडकली आहे, ऑडिटवाल्यांना द्यावे लागतील" म्हणून ३५,०००. एकूण ६१,५००. आई त्या दिवशी म्हणाली, "माझ्या एका नावाला एवढे पैसे?" वडिलांनी काही उत्तर दिलं नाही.

मधल्या काळात त्याने आणखी एक डाव टाकला होता, आणि मला तो सगळ्यात घातक वाटतो. तो म्हणाला, नाहीतरी तारीख बदलायचीच आहे, तर वहिनींचं वय सहा-सात वर्षांनी वाढवून टाकू. म्हणजे ८० लवकर पूर्ण होईल, २० टक्के लवकर सुरू होतील. दाखला मी आणतो. वडिलांनी त्याला तिथेच गप्प केलं: "आहे ती तारीख लाव, नाहीतर कागद परत कर." हा डाव नुसता जास्त पैशासाठी नसतो. एकदा का तुम्ही खोट्या दाखल्याला हो म्हणालात, की पुढे तो काहीही करो, तुम्ही पोलिसांत जात नाही, कारण तुमचीही सही खोट्या कागदावर असते. नंतर भेटलेल्या दोन कुटुंबांनी तक्रार न करण्याचं कारण हेच सांगितलं.

बिंग फुटलं ते त्याने आणून दिलेल्या पत्राने. काम झाल्याचा पुरावा म्हणून त्याने रेकॉर्ड ऑफिसच्या नावाचं एक पत्र दिलं. वर राजमुद्रा, पण रंगीत झेरॉक्ससारखी, कडेला शाई पसरलेली. खाली गोल शिक्का, अर्धा पुसट. सही होती, पण सही करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव आणि हुद्दा नव्हता. 'पार्ट टू ऑर्डर (नोंदीतल्या बदलाचा अधिकृत आदेश) प्रसिद्ध झाली आहे' असं लिहिलेलं, पण त्या ऑर्डरचा नंबर आणि तारीख कुठेच नाही. वडिलांनी चष्मा लावला, ओळीखाली बोट धरून स्वतःच्या नंबरापर्यंत आले आणि थांबले. फौजेतल्या जवानाच्या नंबराच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं. ते कोणीही मनाने लावत नाही, नंबरातल्या आकड्यांच्या हिशोबाने ते ठरतं. पत्रावर आकडे बरोबर होते आणि अक्षर भलतंच. "हे पत्र माझं नाही," वडील म्हणाले. "दुसऱ्या कोणाचं तरी पत्र घेऊन त्यात माझं नाव घातलंय. रेकॉर्डचा क्लार्क बाकी काही चुकेल, हे अक्षर चुकणार नाही."

त्यानंतर वडील गावच्या वाचनालयात गेले आणि त्याने सांगितलेल्या तारखांचे वर्तमानपत्रांचे अंक फाइलमधून काढून पाहिले. जाहिरात नव्हती. वडिलांनी माहितीच्या अधिकारात रेकॉर्ड ऑफिसला अर्ज केला. त्याला १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लागते, आणि कायद्याने ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात दोनच प्रश्न विचारले: माझ्या पत्नीच्या नावात आणि जन्मतारखेत बदल करण्याचा अर्ज आपल्याकडे आला आहे का, आणि आला असल्यास त्यावर काय कारवाई झाली. उत्तर आलं की असा कोणताही अर्ज प्राप्त झालेला नाही. म्हणजे इतके महिने "फाइल पुढे सरकतेय" असं आम्हाला सांगितलं जात होतं, ती फाइल कधी उघडलीच नव्हती.

या लोकांचं भांडवल काय असतं हे मला तेव्हा नीट कळलं. सरकारी दुरुस्तीला वेळ लागतो, आणि अर्ज केल्यापासून उत्तर येईपर्यंत जो शुकशुकाट असतो, त्यात माणूस कासावीस होतो. हा त्या शुकशुकाटात दर पंधरवड्याला फोन करतो. "आज साहेब रजेवर होते, सोमवारी सही होईल." ऑफिसकडून काहीच येत नसताना कोणीतरी काहीतरी सांगतंय याचाच आधार वाटतो, आणि त्या आधाराचे पैसे तो घेतो. काही जण तर साधा अर्ज खरोखर टाकतात, जो तुम्ही स्वतः टाकू शकला असता, आणि काम झालं की ते आपल्या ओळखीने झालं म्हणून हजारो रुपये घेतात.

खरी वाट आम्हाला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कळली. ते बहुतेक जिल्ह्यांच्या ठिकाणी असतं आणि तिथे या कामाला पैसे लागत नाहीत. तिथल्या बाईंनी वडिलांना खुर्ची दिली, कागद मांडून घेतले आणि काय-काय लागेल ते एका कागदावर लिहून दिलं: वडिलांच्या सहीचा रेकॉर्ड ऑफिसच्या नावाने अर्ज, दंडाधिकाऱ्यासमोर केलेलं दोघांचं प्रतिज्ञापत्र, आईचं आधार, पॅन आणि शाळेचा दाखला, बँकेतल्या जोडखात्याच्या पासबुकाची प्रत, दोघांचा एकत्र फोटो, डिस्चार्ज बुक आणि पीपीओच्या साक्षांकित प्रती, आणि आमच्या बाबतीत तारीखही बदलायची असल्याने दोन वर्तमानपत्रांत जाहिरात, एक मराठी आणि एक इंग्रजी. अर्ज पाठवण्याआधी आधारवरची तारीख दाखल्याप्रमाणे करून घ्या, हेही त्यांनीच सांगितलं. नाहीतर रेकॉर्डला एक तारीख आणि आधारला दुसरी, म्हणजे परत तोच घोळ. खर्च झाला तो जाहिरातीचा, प्रतिज्ञापत्राचा आणि रजिस्टर पोस्टाचा. फी अशी कुठेच नव्हती. आणि ओरिजिनल डिस्चार्ज बुक कोणीही ठेवून घेतलं नाही. बघितलं, प्रतीशी ताडून पाहिलं आणि लगेच परत दिलं.

अर्ज कुठे पाठवायचा याबद्दलही लोक गोंधळतात. तो आपापल्या रेजिमेंटच्या किंवा कोरच्या रेकॉर्ड ऑफिसला जातो. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशातल्या सागरला. तिथे बदल मंजूर झाला की पार्ट टू ऑर्डर निघते, मग माहिती प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाकडे जाते आणि तिथून दुरुस्तीचा म्हणजे कॉरिजेंडम पीपीओ निघतो. तो 'स्पर्श'वर स्वतःच्या लॉगिनमधून पाहता येतो. ऑर्डरचा नंबर, तारीख आणि 'स्पर्श'वर दिसणारा बदल, या तीन गोष्टी असतील तरच काम झालं समजा. बाहेरच्या माणसाने हातात दिलेलं पत्र कितीही शिक्क्यांचं असो, त्याला किंमत नाही. उशीर फार होत असेल तर केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर तक्रार घालता येते, आणि त्याहीपलीकडे सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, ज्याचं खंडपीठ मुंबईतही आहे. तिथपर्यंत जायची वेळ आमच्यावर आली नाही.

लॉगिनचं बोलायचं तर, त्या माणसाने "फॉर्म भरायला" म्हणून वडिलांकडून ओटीपीही घेतला होता आणि 'स्पर्श'मधला मोबाइल नंबर बदलून स्वतःचा टाकला होता. म्हणून वडिलांना येणारे संदेश बंद झाले होते आणि नेटवर्कचा दोष समजून आम्ही ते सोडून दिलं होतं. बँक खातं त्याने बदललं नव्हतं, पण बदलू शकला असता. आम्ही सेवा केंद्रात जाऊन नंबर परत घेतला आणि पासवर्ड बदलला. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या पेन्शनरचा फोन हातात घेऊन एवढं आजच तपासा की 'स्पर्श'वर नोंदलेला नंबर त्यांचाच आहे ना.

पोलिसांत आम्ही लेखी तक्रार दिली: भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक, आणि बनावट पत्राबद्दल वेगळी. ऑनलाइन गेलेल्या पैशासाठी १९३० या क्रमांकावरही कळवलं. पैसे गेल्या गेल्या तिथे फोन केला तर ते पुढे सरकण्याआधी गोठवता येतात. आमचे व्यवहार जुने झाले होते, त्यामुळे तिथून काही हाती लागलं नाही. ठाण्यातून बोलावणं गेल्यावर मात्र तो माणूस डिस्चार्ज बुक, पीपीओ आणि २०,००० रुपये घेऊन आला आणि तक्रार मागे घ्या म्हणून वडिलांच्या पाया पडला. वडिलांनी डिस्चार्ज बुक उघडून पान न् पान तपासलं, पैसे घेतल्याची नोंद ठाण्यातल्या हवालदाराकडून लिहून घेतली, आणि तक्रार मागे घेतली नाही.

आईचं नाव आणि तारीख आता 'स्पर्श'वर बरोबर दिसते. पण त्या माणसाच्या घरून पोलिसांनी ताब्यात घेतलेल्या पिशवीत आणखीही डिस्चार्ज बुकं निघाली, काही तर जवान वारल्यानंतर त्यांच्या बायकांनी दिलेली. सातारा भागात तुम्ही किंवा तुमच्या ओळखीच्या कोणी असे मूळ कागद एखाद्या एजंटाकडे दिले असतील, तर ते लेखी मागा, आणि मिळाले नाहीत तर पोलीस ठाण्यात नंबर, रँक, नाव देऊन तक्रार नोंदवा. डिस्चार्ज बुक हरवल्याचा अर्ज रेकॉर्ड ऑफिसला करायचा झाला तरी ती तक्रार लागतेच. साक्षीसाठी वडील यायला तयार आहेत, तसं त्यांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात लिहून दिलं आहे.